फ्लॉरेन्सचे दोन दिवस: आधी घुमटाचं तिकीट, मग हॉटेल

मी मिलानला राहते. इथून फ्लॉरेन्स जलद गाडीनं दोन तासांवर, त्यामुळे भारतातून जो कोणी पाहुणा येईल त्याला तिकडे फिरवून आणायचं काम माझ्याकडे. किती खेपा झाल्या हे मोजायचं मी कधीच सोडून दिलंय. प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्ये कुणीतरी पाठवलेला तोच सल्ला असतो: "फ्लॉरेन्स अर्ध्या दिवसात होतं. रोमहून सकाळी निघा, दुपारी पिसाला मनोऱ्याला टेकू देतानाचा फोटो काढा, रात्री रोमला जेवायला परत." होतं की. स्टेशन होतं, कॅथेड्रलची बाहेरची भिंत होते आणि एक आइस्क्रीम होतं.

दोन रात्री द्या. मधला एक पूर्ण दिवस आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा. तेवढंही जमत नसेल तर फ्लॉरेन्स पुढच्या खेपेला ठेवा, त्याचा अपमान नको. व्हिसा, विमा, विमान, अ‍ॅडॅप्टर ही तयारी झालेली आहे असं धरून पुढचं लिहिते.

वार

उफिझी हे मोठं चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, म्हणजे त्या दिवशी रांगेत उभं राहणं हाच कार्यक्रम. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना. तेव्हा मंगळवार ते शनिवार यातले दोन दिवस पकडा. मी पहिल्यांदा आले ते रविवारी संध्याकाळी, परत गेले मंगळवारी सकाळी. मधला सोमवार पोन्ते वेक्क्यो या जुन्या पुलावर सोनारांच्या दुकानांच्या काचा बघत काढला.

तिकिटं

सगळे इथेच फसतात, मीही फसले. लोक आधी विमान, मग हॉटेल, मग गाडी ठरवतात आणि "आतली तिकिटं तिथे गेल्यावर बघू" म्हणतात. फ्लॉरेन्समध्ये हा क्रम उलटा लावावा लागतो. वेळ ठरवून मिळणारी तीन तिकिटं आहेत: कॅथेड्रलचा घुमट, डेव्हिड, उफिझी. त्यातही आधी घुमट, कारण वरचा जिना अरुंद आणि एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. मे ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर दीड-दोन महिने आधी बसा. घुमटाची जी तारीख आणि जी वेळ मिळेल तिच्याभोवती बाकीचं सगळं रचा, हॉटेलसुद्धा.

माझी गोष्ट सांगते. सासू-सासरे आले होते. उफिझी आणि डेव्हिडची तिकिटं मी मोठ्या ऐटीत महिनाभर आधी काढली होती. घुमटाचं काय, चर्चच तर आहे, खिडकीवर मिळेल. खिडकीवरच्या बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं: पुढचे चार दिवस सगळ्या वेळा भरलेल्या. सासरे सिव्हिल इंजिनिअर, पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलेलं. वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ मध्ये जमिनीपासून लाकडी आधार न उभारता हा एवढा विटांचा घुमट कसा चढवला, हे आतून बघायचं म्हणून तर ते आले होते. चौकात उभं राहून त्यांनी मान वर केली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "असू दे, बाहेरून पण कळतंय." त्यांना काय कळलं असेल कोण जाणे, मला मात्र चांगलं कळलं.

आता नीट ऐका. कॅथेड्रलमध्ये जाणं फुकट आहे. घुमटावर जाणं फुकट नाही, ते वेगळ्या पासमध्ये येतं आणि त्या पासला ब्रुनेलेस्कीचंच नाव आहे. कॅथेड्रलच्या साइटवर दुसरेही स्वस्त पास दिसतील. त्यातल्या एकावर घंटामनोरा आहे पण घुमट नाही. दरवर्षी कुणी ना कुणी तो स्वस्तातला घेऊन येतं आणि दारावर मला फोन करतं. घुमटाचा पास तीन दिवस चालतो, पण घुमटाची वेळ एकदाच निवडायची, नंतर बदलून मिळत नाही.

नावाचं लफडं खास आपलं आहे. पास नावावर निघतो आणि दारावर ओळखपत्र मागू शकतात. फॉर्ममध्ये 'नोमे' म्हणजे नाव आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ते दोन्ही 'नोमे'मध्ये घाला, जसंच्या तसं. माझ्या एका मामांनी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकलं होतं. दारावरचा मुलगा पासपोर्ट आणि फोन आळीपाळीनं बघत राहिला आणि मामा त्याला मराठीत वंशावळ समजावत राहिले. सोडलं शेवटी, पण घाम फुटला.

पैसे भरताना भारतातल्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करून ठेवा. हे आदल्या दिवशी करा. निवडलेली वेळ साइट काही मिनिटंच धरून ठेवते, तेवढ्यात बँकेचं अ‍ॅप उघडून बटण शोधत बसलात तर वेळ गेलीच. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, तेव्हा निघण्याआधी घरूनच काढा.

व्हिसा हातात नसताना ही तिकिटं काढावीत का? मी नको म्हणते, पैसे परत मिळत नाहीत. पण शिक्का बसला की त्याच संध्याकाळी काढा. "जरा सगळ्यांना विचारून" दोन दिवस घालवू नका.

आणि कुठून काढायची? कॅथेड्रल, उफिझी, अकादेमिया यांच्या स्वतःच्या साइटवरून. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ते पुष्कळदा दलालाचं असतं, दिसायला अगदी सरकारी. मी एकदा अशाच एका ठिकाणाहून 'रांग टाळा' म्हणून दुप्पट पैसे मोजले. हातात आला तो एका गल्लीतल्या चहाच्या कपाएवढ्या ऑफिसचा पत्ता, तिथे तीस जणांच्या घोळक्यात छत्रीमागून चालायचं. रांग टळली नाहीच, फक्त छत्रीखालची रांग मिळाली. खऱ्या साइटवर जागा संपलेली असेल तर तारीख बदला. तेही जमत नसेल तरच दलाल, आणि नेमकं काय विकतोय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून.

घुमट कुणी चढू नये हेही सांगते. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मधून परत फिरायला जागा जवळपास नाही. सुरुवातीला गोल जिना, मग घुमटाच्या आतल्या कठड्यावरून चालत जाता तेव्हा वासारी आणि झुक्कारीनं रंगवलेल्या 'अखेरच्या निवाड्या'तली भुतं एवढ्या जवळ येतात की त्यांचे दात मोजता येतील. त्यानंतर दोन कवचांच्या मधून, तिरक्या भिंतीला खांदा घासत, शेवटचा उभा जिना. गुडघे, हृदय किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर हट्ट नको. घंटामनोऱ्यालाही ४१४ पायऱ्या आहेत, "तो सोपा आहे" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अशा माणसांना मी त्याच वेळात मागच्या बाजूच्या कॅथेड्रल संग्रहालयात पाठवते. शिल्पकार गिबेर्तीचे मूळ सोनेरी दरवाजे आणि मायकेलअँजेलोनं म्हातारपणी कोरलेली पिएता, म्हणजे मृत येशूचं शिल्प, तिथे आहे, आणि गर्दी नावाला. वर जाणाऱ्यांनी पाठपिशवी आधी सामानघरात ठेवायची, त्यासाठी वीस मिनिटं लवकर जा. दार उत्तरेच्या बाजूला आहे, समोरच्या मोठ्या रांगेत उभे राहू नका. ती फुकटवाल्यांची.

तिन्ही तिकिटांचा क्रम

पहिल्या दिवशी दुपारी उफिझी, अडीचच्या सुमाराची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ घुमटाला आणि अकराच्या पुढे डेव्हिड. उफिझी आणि डेव्हिड एकाच सकाळी कोंबू नका. दुसऱ्या जागी सगळ्यांचे डोळे पुतळ्यावर आणि बूड बाकावर असतं.

उफिझीत आधी दार क्रमांक तीनवर जाऊन बुकिंग दाखवून तिकीट घ्यायचं आणि मग अंगणापलीकडे दार क्रमांक एकला रांग लावायची. हे न कळल्यानं वीस मिनिटं चुकीच्या रांगेत घालवलेली माणसं मी दर खेपेला बघते. आत तीन तास धरा. फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिनं १७३७ साली करार करून घेतला की घराण्याच्या कलावस्तू शहराबाहेर जाणार नाहीत. म्हणून बोत्तिचेल्लीची चित्रं इथेच राहिली, आणि म्हणूनच सगळं जग त्या एका दारावर लोटतं.

"डेव्हिड चौकात फुकट दिसतो" हाही एक लाडका सल्ला. चौकातली नक्कल आहे. खरा १८७३ मध्ये आत हलवला. ५ मीटर १७ सेंटिमीटर उंच, आणि उजव्या हातावरच्या शिरा फोटोत कधीच कळत नाहीत. त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट कोरलेले कैदी आहेत, दगडातून बाहेर पडायला धडपडणारे. लोक फोन वर धरून त्यांच्यामधून पळत जातात. तुम्ही थांबा.

गाडी

फिरेंझे (म्हणजे फ्लॉरेन्सच) सांता मारिया नोवेल्ला हेच स्टेशन घ्या. रिफ्रेदी किंवा काम्पो दी मार्ते लिहिलेली स्वस्त गाडी दिसेल, नको. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. निघण्याच्या आठवड्यात 'शोपेरो' म्हणजे संप आहे का ते बघा. इथे संप आधी तारीख देऊन होतात.

राहणं

स्टेशन आणि नदीच्या मधे कुठेही, चालत सगळं जवळ. गाडी भाड्यानं घेऊन येऊ नका, जुन्या शहरात परवान्याशिवाय शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. फक्त एक गोम: फ्लॉरेन्समध्ये घरांचे क्रमांक दोन रंगांचे. दुकानांना लाल, घरांना काळे किंवा निळे, आणि दोन्ही मालिका स्वतंत्र. पत्त्यात आकड्यापुढे 'आर' असेल तर तो लाल, 'रोस्सो'. बारा क्रमांकाचं हॉटेल शोधताना तुम्ही लाल बारासमोर, चामड्याच्या पट्ट्यांच्या दुकानात उभे असता. हॉटेलात शहराचा कर वेगळा मागतील, तो खरा असतो, वाद घालू नका.

खाणं

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे युरो लागतात, ती बसण्याची रक्कम. कॉफी उभ्यानं प्या, टेबलावर तीच महाग पडते. शाकाहारी मंडळींनी 'रिबोल्लिता' मागवावी: शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर कोबी यांचं दाट सार. माझ्या सासूबाईंनी एक घास घेऊन "अगो, हा तर आपला कुस्कराच" असा निकाल दिला. मांसाचा रस घातलाय का ते मात्र विचारा. पाव अळणी लागला तर तक्रार नको, इथला पाव बिनमिठाचाच असतो.

तिसरी सकाळ

गाडी दुपारची असेल तर बहुतेक लोक खरेदी करतात. करा. पण माझ्याबरोबर आलेले मराठी पाहुणे मी कासिने बागेत नेते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले, वय अवघं वीस. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू रीतीनं अग्नी दिला. १८७४ पासून तिथे छत्रीखाली फेटा बांधलेला त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

ट्रामनं कासिने थांब्यावर उतरलात तरी स्मारक बागेच्या पार पलीकडच्या टोकाला आहे, आणि बाग साडेतीन किलोमीटर लांब. घुमटावर "आता एक पायरी नाही" म्हणून भिंतीला टेकलेली माझी कोल्हापूरची मावशी इथे एकदाही कुठे बसली नाही. पोचल्यावर चपला काढल्या, पिशवीतून कालचा हॉटेलातला एक गुलाब काढून कुंपणाच्या आत सरकवला, आणि मला म्हणाली, "फोटो नको काढूस." जायला-यायला मिळून तीन तास धरा. मंगळवारी सकाळी बागेत बाजार भरतो, त्या दिवशी आणखी अर्धा. परत चालवणार नसेल तर लक्षात ठेवा, इथे रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबत नाही, फोन करून बोलवावी लागते. नंबर हॉटेलातून निघतानाच लिहून घ्या.