नवं खातं उघडतानाच ग्रुप लावा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातली उबुंटूची (लिनक्सचा एक प्रकार) मशीन मी बघतो. जॅकार्डच्या, म्हणजे विणून काढायच्या नक्षीच्या, डिझाइनच्या फाइली एका सामाईक फोल्डरात असतात. नवा मुलगा लागला, त्याचं खातं उघडलं आणि दहा मिनिटांत हाक आली, "सर, फोल्डर उघडंना झालंय!" त्याला 'डिझाइन' ग्रुपमध्ये घालायचं राहिलं होतं. दर वेळी हे कोण लक्षात ठेवणार?

आधी एक समजून घ्या. ग्रुप म्हणजे खात्यांचा गट, फाइल-फोल्डरची परवानगी त्या गटाला एकत्र देता येते. खात्याला मुख्य ग्रुप एकच असतो, जास्तीचे अनेक. नवी फाइल एरवी मुख्य ग्रुपच्या नावावर पडते. उबुंटू प्रत्येकाला त्याच्याच नावाचा मुख्य ग्रुप देतं. तो तसाच राहू द्या, आपल्याला जास्तीचेच लावायचेत.

पुष्कळ जण 'ईटीसी/डिफॉल्ट/युजरअ‍ॅड' फाइलीत 'ग्रुप'ची ओळ बदलतात आणि काहीच का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात. ती ओळ मुख्य ग्रुपची. 'लॉगिन डॉट डेफ्स' या सेटिंगच्या फाइलीत 'युजरग्रुप्स_एनॅब' येस असेल, तर तिला कुणी विचारत नाही.

खरी जागा 'ईटीसी/अ‍ॅडयुजर डॉट कॉन्फ'. तिथे 'एक्स्ट्रा_ग्रुप्स'मध्ये ग्रुपांची नावं जागा सोडून लिहा आणि 'अ‍ॅड_एक्स्ट्रा_ग्रुप्स'ला 1 करा. ओळीपुढची '#' खूण काढायला विसरू नका, ती असली की ओळ वाचलीच जात नाही. ग्रुप आधी 'ग्रुपअ‍ॅड' कमांडीने तयार हवेत. यापुढे 'अ‍ॅडयुजर' कमांडीने उघडलेलं प्रत्येक साधं खातं आपोआप त्यांत जाईल. 'युजरअ‍ॅड' मात्र ही फाइल वाचत नाही. नावं उलटसुलट, पण कमांडी दोन वेगळ्या. 'सुडो' हा मशीनचे सगळे अधिकार देणारा ग्रुप इथे चुकूनही लिहू नका, नाहीतर काल आलेला पोरगाही मशीनचा मालक.

जुन्या खात्यांसाठी 'युजरमॉड' ही खातं बदलायची कमांड, आणि इथे जपून. '--ग्रुप्स'च्या जोडीला '--अपेंड' (आहेत त्यांत भर घाल) हवंच. एकदा ते गाळून मी स्वतःलाच 'डिझाइन'मध्ये घातलं. बाकीचे सगळे जास्तीचे ग्रुप गेले, त्यात 'सुडो'ही. मग मशीन दुरुस्तीसाठी वेगळी सुरू करायच्या रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरत बसलो, बाहेर जेवणाची सुट्टी संपली तरी.

आता 'आयडी' कमांडीपुढे खात्याचं नाव देऊन यादी बघा. यादीत ग्रुप दिसतोय पण फोल्डर उघडत नाही, असं झालं तर माणसाला लॉगआउट करून परत यायला सांगा. चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही.

सामाईक फोल्डर 'सीएचजीआरपी'ने 'डिझाइन'च्या नावावर करून त्याला 2770 परवानगी द्या, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही. पुढचा तो 2 असला की आत तयार होणारी फाइल कुणीही केली तरी 'डिझाइन'चीच राहते. दुसऱ्यालाही ती बदलता यायची तर यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीच्या कुठल्या परवानग्या काढायच्या तो आकडा, 002 हवा.