स्लॅबची गंजलेली सळई: खाऱ्या वाऱ्यातली दुरुस्ती

मालवण किनाऱ्यावरच्या घरात स्लॅबच्या पोटाचे पोपडे पडू लागले. कारण खाडीची खारी वाळू, आणि सळईखाली कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम 15 मिमी. उघड्या किनाऱ्याला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 45 मिमी लागतं. गंज फुगतो, काँक्रीट ढकलतो.

टेकू लावून सळईच्या मागे बोट फिरेल एवढं फोडलं, आणि गंज संपून स्वच्छ लोखंड लागेपर्यंत पुढे सरकलो. इथे हात आखडला की पॅचच्या कडेलाच पुन्हा गंज धरतो! तारेच्या ब्रशने घासलं, गोड्या पाण्याने धुतलं, सुकल्यावर झिंक प्रायमर. पाव भागाहून जास्त झिजलेल्या 8 मिमी सळईशेजारी नवी बांधली, दोन्हीकडे 40 सेंमी जोड. मग 1:3 (सिमेंट:वाळू) मसाला, किलोभर सिमेंटला 200 मिली लॅटेक्स (मसाला घट्ट चिकटवणारं द्रव), 10 मिमीच्या थरांनी. विहिरीचं पाणी आधी चाखा. खारट लागलं तर टँकर मागवा.