बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसाची एंग्झायटी: थेरपीत नेमकं काय बदलायचं

समोर बसलेला माणूस तिशीचा आहे, बाळ नाही, त्यामुळे 'हा रात्री झोपतो का?' हे आईला नाही तर आधी त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, लागू दे, मध्ये तोंड घालायचं नाही. आणि 'भीती वाटते का?' असले हो-नाहीचे प्रश्न टाळा, बरेचजण समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, उलटं विचारलं तरी हो च. त्यापेक्षा 'फटाके वाजले तेव्हा तुम्ही काय केलंत?' असं विचारा.

त्याआधी डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या. दात, कान, पोट साफ होतं का, आणि डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड नक्की. तोच प्रश्न पन्नासदा विचारणं, गोव्यातल्या कदंब बसमध्ये चढायलाच नकार, हे बघून 'तो पहिल्यापासून असाच' म्हणून लोक सोडून देतात, पण ती एंग्झायटीच असू शकते.

तासभराचं सेशन नको, वीस-पंचवीस मिनिटं बास. तीच वेळ, तीच खुर्ची, एका वेळी एकच गोष्ट, घरी कोकणी असेल तर सेशनही कोकणीतच. दहापैकी भीती किती वगैरे सोडा, कागदावर तीन चेहरे काढा.

'विचार तपासा, पुरावा शोधा' हा प्रकार विचार आणि भावना वेगळे ओळखता येणाऱ्यालाच जमतो, बाकीच्यांशी आपण उगाच शब्दांचा खेळ करत बसतो असं माझं मत. अंग सैल सोडायला शिकवणं आणि भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं, ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्येही एंग्झायटीसाठी या दोन गोष्टी सुचवल्यात.

म्हणजे समजा नरकासुराच्या रात्रीची भीती आहे, गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री त्याचे मोठे पुतळे मिरवून पहाटे जाळतात ती. (रात्री दोनचा डीजे मलाही सोसत नाही, ते सोडा.) महिनाभर आधी सुरू करा. मोबाइलवर व्हिडिओ, आवाज बंद. मग आवाज अगदी हळू. मग दिवसा वाड्यावर पोरं सांगाडा बांधतात तिथे जायचं, कागद चिकटवायला हात लावायचा. मग संध्याकाळी दुरून, कानात बोळे घालून. प्रत्येक पायरीचा फोटो वहीत चिकटवा. हात वर केला की थांबायचं हे आधीच ठरवा आणि खरंच थांबा, एकदा जरी फसवलंत तरी तो पुढच्या वेळी येणार नाही. नरकासुर आवडायला पाहिजे असं काही नाही, दुरून बघून घरी येऊन झोपला तरी काम झालं.

त्याची हरकत नसेल तर बहीण किंवा सेंटरमधली ताई कोणीतरी सोबत हवी, घरी सराव तीच घेणार. श्वास कसा सोडायचा ते तुमच्या आवाजात व्हॉट्सअॅपवर रेकॉर्ड करून द्या.

पण एक बघा, बसमध्ये कोणी खरंच त्रास देत असेल तर श्वास शिकवून काय उपयोग, आधी तो त्रास बंद करायला हवा. आणि खाणं-झोप सुटली किंवा स्वतःला इजा करायला लागला तर वाट बघू नका, गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात न्या, फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.