डोमेन नव्या होस्टला जोडताना या चुका टाळा: साइट उघडली म्हणजे काम संपलं असं नाही

डोमेन एकाकडे, होस्टिंग दुसऱ्याकडे आणि मेल तिसऱ्याकडे, हा हल्ली नेहमीचा मामला आहे. नव्या होस्टिंगला डोमेन जोडायला दहा मिनिटं पुरतात. त्या दहा मिनिटांत केलेला घोळ निस्तरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. वैताग याचा की नवा घोळ कुणीच करत नाही, सगळे तेच ते जुने घोळ करतात.

आधी एवढं डोक्यात पक्कं हवं. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, डोमेनबद्दल कामाची मुख्य नोंद एकच असते: या नावाचे नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) कोणते. बाकी सगळे पत्ते त्या नेमसर्व्हरवरच्या झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या (रेकॉर्डच्या) यादीत असतात. वेबसाइटसाठी ए रेकॉर्ड, मेलसाठी एमएक्स, शिवाय टीएक्सटी (मजकुराची नोंद), सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट) वगैरे. त्यामुळे साइट हलवण्याचे दोन रस्ते आहेत. एक, नेमसर्व्हर तेच ठेवून फक्त ए रेकॉर्डमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांचा पत्ता) टाकायचा. दोन, नेमसर्व्हरच बदलून अख्खा झोन नव्या होस्टकडे न्यायचा. होस्टिंग कंपनीच्या स्वागताच्या मेलमध्ये हमखास दुसरा रस्ता सांगितलेला असतो, कारण तो त्यांच्या सपोर्टला सोयीचा पडतो. तुमची मेल दुसरीकडे असेल आणि सध्याचे नेमसर्व्हर जुन्या होस्टचे नसतील, तर नेमसर्व्हरला हातही लावू नका. एक ए रेकॉर्ड बदला आणि चहा घ्या.

नेमसर्व्हर बदलले, मेल गेली

ही चूक सगळ्यात महागाची, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

रत्नागिरीकडच्या एका हापूसवाल्यांचं उदाहरण घ्या. मार्च महिना, पेट्यांची आगाऊ नोंदणी सुरू. जुनं होस्टिंग संथ म्हणून नवं घेतलं आणि साइट करणाऱ्या मुलाने शुक्रवारी संध्याकाळी नेमसर्व्हर बदलले. तासाभरात नवी साइट दिसू लागली, ग्रुपवर अंगठे पडले, मुलगा घरी गेला. मेल गूगल वर्कस्पेसवर होती, म्हणजे तिचा या होस्टिंगशी काही संबंध नव्हता. निदान सगळ्यांचा समज तसा होता.

नव्या सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) डोमेन टाकताक्षणी त्याने स्वतःचा झोन तयार केला होता. त्यातला एमएक्स रेकॉर्ड होता खुद्द त्या डोमेनकडेच बोट दाखवणारा, प्राधान्य शून्य. सीपॅनल हे न विचारता करतो. परिणामी ऑर्डरच्या मेल नव्या सर्व्हरवर जाऊ लागल्या. तिथे त्या नावाची मेलपेटीच नाही, म्हणून सर्व्हर सरळ ५५० चं, म्हणजे कायमच्या नकाराचं उत्तर देऊन मेल परत पाठवत राहिला. परत गेलेल्या मेलची सूचना मिळते पाठवणाऱ्याला. मालकाच्या इनबॉक्समध्ये नुसती शांतता.

आणि पूर्ण शांतताही नाही, हे जास्त घातक. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत (सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ यादीत) नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास असतो. ज्या रिझॉल्व्हरकडे (लोकांच्या वतीने पत्ता विचारणारे सर्व्हर) जुनी नोंद साठवलेली होती ते जुन्याच नेमसर्व्हरला विचारत होते आणि तिथून आलेल्या मेल बरोबर पोचत होत्या. शनिवारी चार मेल आल्या, रविवारी एक. वाटलं, सुट्टीमुळे कमी असतील. सोमवारी दुबईच्या गिऱ्हाइकाने परत आलेल्या मेलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा उजेड पडला.

एमएक्स दुरुस्त केल्यावरही काम लगेच झालं नाही, कारण चुकीच्या रेकॉर्डचा टीटीएल होता १४,४०० सेकंद. ज्यांनी तो नुकताच वाचला होता त्यांच्यासाठी आणखी चार तास गेले. ५५० ने परत गेलेल्या मेल तर कायमच्याच गेल्या. सर्व्हर बंद असता तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता. इथे सर्व्हर जिवंत होता आणि ठामपणे ‘असा माणूस इथे नाही’ सांगत होता. मेलच्या बाबतीत बंद सर्व्हर परवडतो, चुकीचा परवडत नाही.

साइटवरचा चौकशीचा फॉर्म त्यानंतरही दोन दिवस मुकाच होता. सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग ‘लोकल’वर राहिलं होतं. त्यामुळे फॉर्ममधून आपल्याच डोमेनच्या पत्त्यावर निघालेली मेल बाहेर न जाता त्याच सर्व्हरवर पेटी शोधत होती. मेल बाहेर कुठे असेल तर ते ‘रिमोट’ करावं लागतं. एमएक्स दुरुस्त करणाऱ्या दहातल्या आठ जणांना हे आठवत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. नेमसर्व्हरला हात लावण्याआधी जुन्या पॅनलमध्ये जाऊन झोनमधला प्रत्येक रेकॉर्ड उतरवून घ्या. एक्सपोर्टचं बटण असेल तर उत्तम, नसेल तर स्क्रीनशॉट. ए, एएएए, एमएक्स, मेल अस्सल असल्याचं पटवणारे एसपीएफचा टीएक्सटी, डीकिम आणि डीमार्क, गूगलच्या पडताळणीचे टीएक्सटी, सीएए (साइटचं सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणारा), आणि कधीकाळी कुणी जोडलेले सबडोमेन. हे सगळं नव्या झोनमध्ये आधी भरायचं, नेमसर्व्हर त्यानंतर. बाहेरून तपासणाऱ्या फुकटच्या वेबसाइटवर विसंबू नका. झोनमध्ये कोणकोणती नावं आहेत याची यादी बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही. नाव माहीत असेल तरच विचारता येतं, आणि डीकिमच्या सिलेक्टरचं नाव (तो रेकॉर्ड ज्या नावाखाली असतो ते) तुम्ही अंदाजाने कसं ओळखणार? तो एक रेकॉर्ड राहिला की मेल जाते, पण जाऊन स्पॅममध्ये पडते आणि कळतं महिन्याने.

एमएक्स थेट मूळ डोमेनकडे वळवलेला असेल, तर नुसता ए रेकॉर्ड बदलूनही हाच प्रकार होतो. वेबसाइटबरोबर मेलही नव्या सर्व्हरवर जाते. अशा वेळी आधी ‘मेल’ नावाचा वेगळा ए रेकॉर्ड जुन्या आयपीवर करायचा, एमएक्स त्याच्याकडे वळवायचा आणि मग साइट हलवायची.

शुक्रवारी संध्याकाळचं तर बोलायलाच नको. असली कामं मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करावीत, सपोर्टवाले जागे असताना.

दर अर्ध्या तासाने काहीतरी बदलणारे

दुसरा आवडता प्रकार. रेकॉर्ड बदलला, वीस मिनिटं वाट पाहिली, जुनीच साइट दिसते. मग नेमसर्व्हर परत जुने केले, तासाने पुन्हा नवे, मध्येच आयपी ‘नीट टाकला नसेल’ म्हणून पुसून पुन्हा टाकला. आता वेगवेगळ्या रिझॉल्व्हरकडे वेगवेगळ्या वेळची उत्तरं साठलेली. पुण्यात एक साइट दिसते, नाशिकला दुसरी, आणि खरं काय ते कुणालाच सांगता येत नाही.

‘प्रॉपगेशन’ हा शब्द याला जबाबदार आहे. त्यामुळे वाटतं, बदल जगभर हळूहळू पसरतोय. तसं काहीही पसरत नसतं. नवं उत्तर तुमच्या नेमसर्व्हरवर बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत तयार असतं. लोकांकडे जुनं उत्तर साठवलेलं असतं आणि त्याचा टीटीएल संपेपर्यंत ते पुन्हा विचारायला येत नाहीत, एवढंच. हे समजलं की उपायही समजतो. ए रेकॉर्डचा टीटीएल १४,४०० असेल तर बदलाच्या आदल्या दिवशी तो ३०० करून ठेवा. ही कपात जुना टीटीएल संपल्यावरच लागू होते, म्हणून ऐन वेळी ३०० करून उपयोग नाही. साइट स्थिरावली की पुन्हा ३,६०० किंवा १४,४०० करा. नेमसर्व्हरच्या त्या ४८ तासांवर मात्र तुमचा ताबा नाही. म्हणून नेमसर्व्हर बदलत असाल तर दोन दिवस जुना आणि नवा झोन शब्दशः सारखे ठेवा. मग कोण कुणाला विचारतंय याने काही बिघडत नाही.

तपासायची पद्धतही चुकते. ब्राउझर रिफ्रेश करणं म्हणजे तपासणं नव्हे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनएसलुकअप लिहा, पुढे डोमेन, आणि त्यापुढे नव्या नेमसर्व्हरचं नाव. हे उत्तर कुठल्याही साठ्यातून येत नाही, थेट मूळ ठिकाणाहून येतं. ते बरोबर असेल तर तुमचं काम झालंय, हात बांधून बसा. ते चुकीचं असेल तर चूक पॅनलमध्ये आहे आणि वाट पाहून ती सुधारणार नाही. मग तीच विचारणा गूगलच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे ८.८.८.८ ला करा, म्हणजे बाहेरच्यांना काय दिसतंय याचा अंदाज येतो.

अजून एक. रेकॉर्ड तयार करण्याआधीच नवं सबडोमेन ब्राउझरमध्ये उघडून बघू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, आणि ते किती वेळ टिकणार हे झोनच्या एसओए रेकॉर्डवरून (झोनची मूळ माहिती असलेल्या नोंदीवरून) ठरतं. आधी रेकॉर्ड, मग उत्सुकता.

जिओवर जुनी साइट, वायफायवर नवी

हे लक्षण ऐकलं की पहिला संशय एएएए रेकॉर्डवर घ्या. ए रेकॉर्डमध्ये आयपीव्ही४ चा पत्ता असतो, एएएए मध्ये आयपीव्ही६ चा. जुन्या होस्टने एएएए दिलेला होता, तुम्ही फक्त ए बदललात. जिओचं मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ वर चालतं, त्यामुळे फोन जुन्या सर्व्हरवर जातो. घरच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नसेल तर लॅपटॉप नव्यावर. माणूस फोनची कॅशे पुसत बसतो, फोन रीसेट करतो, आणि फोनचा काहीएक दोष नसतो. नव्या होस्टने आयपीव्ही६ पत्ता दिला असेल तर तो टाका, नसेल तर एएएए उडवा.

एसएसएल सर्टिफिकेट (साइट एचटीटीपीएसवर चालायला लागतं ते) न निघण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) पडताळणीला येतं तेव्हा एएएए असेल तर आधी तिकडे जातं, आणि जुना सर्व्हर त्याला ४०४ दाखवून वाटेला लावतो. त्यावर लोक बटण दाबतच राहतात. एका नावासाठी तासाला पाच फसलेले प्रयत्न झाले की दार बंद. आधी डीएनएस, म्हणजे हे सगळे रेकॉर्ड, बरोबर दिसू द्या, सर्टिफिकेट मग. एवढं करूनही अडलं तर सीएए रेकॉर्ड पाहा. तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर लेट्स एन्क्रिप्टला परवानगीच नाही.

डीएनएससेक चालू ठेवून नेमसर्व्हर बदलणं

डीएनएससेक म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही. फार जण यात सापडत नाहीत, पण सापडला तो आडवा होतो. रजिस्ट्रीत जुन्या चावीचा डीएस रेकॉर्ड (सहीच्या चावीची ओळख) राहतो, नवा झोन त्या चावीने सही केलेला नसतो, आणि सही तपासणारे रिझॉल्व्हर उत्तर देणंच नाकारतात. गूगलचा ८.८.८.८ तपासतो. तुमचा इंटरनेटवाला तपासत नसेल तर तुम्हाला साइट झकास दिसते, गिऱ्हाइकाला नाही. क्रम असा: आधी रजिस्ट्रारकडे डीएस काढा, डॉट कॉमला त्यासाठी किमान एक दिवस जाऊ द्या, मग नेमसर्व्हर बदला, सगळं नीट झालं की नवा डीएस टाका.

बाकीच्या, थोडक्यात

ए रेकॉर्डमध्ये फक्त आयपी लिहायचा. एचटीटीपी, तिरप्या रेघा, पोर्ट नंबर यांचं तिथे काही काम नाही.

नव्या पॅनलमध्ये डोमेन जोडलंच नाही, तर आयपी बरोबर असूनही होस्टचं कोरं पान दिसतं. सर्व्हरवर शेकडो साइट असतात, त्याला तुमचं नाव कळणार कसं?

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि त्याशिवायचं नाव, ही दोन वेगळी नावं आहेत. दोन्हीचे रेकॉर्ड आणि दोन्ही नावं सर्टिफिकेटमध्ये.

मूळ डोमेनवर सीनेम टाकता येत नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए आधीच असतात. काही पॅनल ‘एलियास’ किंवा ‘फ्लॅटनिंग’ देतात, ते वापरा.

एसपीएफचे दोन टीएक्सटी रेकॉर्ड म्हणजे एकही नसल्यासारखं. एकाच ओळीत दोन्ही ‘इन्क्लूड’ घाला.

क्लाउडफ्लेअरवर (साइट आणि वाचक यांच्या मध्ये बसणारी सेवा) एसएसएल ‘फ्लेक्सिबल’ ठेवलंत आणि सर्व्हरवर एचटीटीपीएसची सक्ती असली, तर पान गोल गोल फिरत राहतं. ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. ‘फ्लेक्सिबल’ हा पर्याय घाईवाल्यांसाठी केलेला सापळा आहे.

साइट हलवायला डोमेन ट्रान्सफर करावं, म्हणजे रजिस्ट्रार बदलावा लागत नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला कारण विचारा.

डॉट कॉमसारखं डोमेन नवीन घेतलं असेल तर रजिस्ट्रारच्या पडताळणीच्या मेलवर १५ दिवसांत क्लिक करा. नाहीतर डोमेन थांबवलं जाऊ शकतं, आणि तुम्ही दोष होस्टला देत बसाल.

देवनागरीतलं डॉट भारत डोमेन असेल तर बऱ्याच पॅनलना मूळ अक्षरं कळत नाहीत. त्याचं ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं पनीकोड रूप टाकावं लागतं. ते हाताने टाइप करू नका, कॉपी करा.

बदलाआधी नवी साइट पाहण्यासाठी संगणकातल्या होस्ट्स फाइलमध्ये (संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यांच्या यादीत) आयपी आणि डोमेनची ओळ टाकणं ही उत्तम सवय. पण काम झाल्यावर ती ओळ काढायची असते. नाहीतर पुढे दोन वर्षांनी सर्व्हर बदलाल तेव्हा अख्ख्या जगाला नवी साइट दिसेल आणि फक्त तुमच्या संगणकाला नाही.

जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका. नेमसर्व्हर त्यांचेच असतील आणि रजिस्ट्रारकडे ते बदलायचे राहिले असतील, तर होस्टिंगबरोबर झोनही जातो. साधारण महिनाभर चालू ठेवा, आणि बंद करण्याआधी जुन्या सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा. बॉट येतच राहतात, ते सोडून द्या. पण पेमेंट गेटवेची किंवा एखाद्या ॲपची विनंती अजून तिथेच येत असेल, तर कुणीतरी कुठेतरी तुमचा जुना आयपी थेट लिहून ठेवलेला आहे. तो आधी शोधा.