कच्चा रस्ता आणि ओढ्याकाठचा मुक्काम : पहिल्यांदा निघताय? या चुका टाळा

कोल्हापूर सोडलं की तासा-दीड तासात पश्चिमेचे डोंगर लागतात. त्यामुळं आपल्याकडं असा बेत रंकाळ्यावर भेळ खाता खाता ठरतो आणि शनिवारी गाड्या निघतात. बिघडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये.

माझा पहिला बेत भुदरगड तालुक्यात बिघडला. मोबाइलच्या नकाशावर एक रेघ थेट ओढ्यापर्यंत जात होती. बांधावर बसलेल्या आजोबांना विचारलं, "गाडी जाईल का हो इकडनं?" ते म्हणाले, "जाती की पाव्हणं! सकाळीच ट्रॅक्टर गेलाय." ट्रॅक्टर गेला होता, यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या चाकोऱ्या एवढ्या खोल होत्या की आमच्या गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी लाल चिखल उडवत राहिली. दोन्ही बाजूंना ऊस, दार जेमतेम वीतभर उघडत होतं.

नकाशावरची ती रेघ म्हणजे पाणंद, शेतांमधली अरुंद वाट होती. पाणंद बैलगाडीच्या मापाची, पावसाळ्यात तिचाच ओढा होतो, आणि वळायला जागा मिळेलच असं नाही. आजोबांना काय म्हणायचं? प्रश्नच माझा चुकला होता. आता मी असं विचारतो : इकडं शेवटची कार कधी गेली? वळवायला जागा कुठं आहे? रात्री पाऊस झाला तर याच वाटेनं बाहेर निघता येतं का? तिसऱ्या प्रश्नाला माणूस जरा थांबला तर मीही थांबतो. शिवाय शेवटचा तुकडा आधी पायी चालून येतो. चिखलात काठी सहज घोटाभर रुतली तर साध्या टू-व्हील ड्राइव्ह (दोनच चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाडीनं तिथं जाऊ नये. जांभ्याच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा रस्ता त्या मानानं टणक असतो. मात्र रुळलेली वाट सोडून सड्यावर गाडी फिरवू नका, तिथल्या बोटभर मातीवरच पावसाळ्यातली सगळी फुलं उभी असतात.

पहिल्या वेळी तर शेवटच्या गावापर्यंत डांबरी रस्ता असलेलीच जागा घ्या. गगनबावड्याची बाजू किंवा गारगोटीवरून पाटगावकडचा भाग यासाठी चांगला. कच्चा रस्ता एखादा किलोमीटर पुरे.

आता पाण्याचं. नवखा माणूस तंबू लावतो तो ओढ्यालगतच्या सपाट वाळूवर. ती वाळू सपाट केली कुणी? पाण्यानंच. तंबू लावायच्या आधी आजूबाजूच्या झुडपांकडं बघा. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, चिंध्या, प्लास्टिक दिसलं तर गेल्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं असं समजा आणि त्याच्याही वर, पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जागा शोधा. एप्रिल-मेमध्ये तर आकाश निरभ्र असलं तरी विश्वास ठेवू नका. वळीव वर डोंगरात पडतो आणि गढूळ लोंढा खाली तुमच्याकडं येतो. पाणी एकाएकी गढूळलं किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, की भांडीकुंडी सोडा आणि वर चढा.

धरणाखालच्या नदीचं गणित आणखी वेगळं. भोगावती, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांचं पाणी पावसाचा थेंब नसतानाही चढतं, कारण वर शेतीसाठी किंवा विजेसाठी पाणी सोडलेलं असतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसवले की मागं पाणी तुंबतं, आणि काल कोरडी असलेली कड आज पाण्याखाली जाते. म्हणून नदी नको, लहान ओढा बरा. ओढ्यावरच्या फरशीवरून (बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडीला ढकलू शकतं.

काठावरच्या चिखलात दुभंगलेल्या खुरांचे मोठे ठसे दिसले आणि त्यात अजून पाणी पाझरत असेल, तर गवा नुकताच पिऊन गेलाय. तो त्याचा पाणवठा आहे. जागा बदला. अंधारात टॉर्च मारून फोटो काढायला तर मुळीच जाऊ नका.

परवानगीबाबत थोडक्यात : दाजीपूर-राधानगरी हे अभयारण्य आहे. तिथं मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, आणि आग पेटवायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. बाकी ठिकाणी जमीन मालकीची, गायरानाची की वनखात्याची, हे पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना विचारलं की कळतं. देवराईत मुक्काम नको, तिथलं वाळकं लाकूडही उचलू नका. साबणाची भांडी ओढ्यात बुडवू नका, खाली कुठंतरी गावाच्या नळपाण्याची विहीर असते.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी. ओढे वाहते असतात आणि पाऊस गेलेला असतो. फक्त तोच उसाचा हंगाम. मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात, म्हणून चारच्या आत मुक्कामी पोहोचा.

सकाळी तंबू आतून ओला मिळाला तर तो गळत नाहीये. तुमच्याच श्वासाची वाफ थंड कापडावर बसलेली असते. थंड हवा ओढ्याच्या खोलगटीत साठते, तिथून थोडं वर या आणि जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

आणि गाडी रुतलीच तर? पहिली चूक म्हणजे ॲक्सिलरेटर दाबत राहणं. चाक तेवढंच खाली जातं. उतरा, पोटाखालची माती उकरा, चाकापुढं चपटे दगड किंवा पायपुसणी घाला, टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि हळू निघा. नाही निघाली तर ट्रॅक्टर बोलवा, पण दोर बंपरला बांधू नका. आम्ही बांधला होता. बंपर ट्रॅक्टरबरोबर गेला, गाडी जागेवरच राहिली. टूलकिटमध्ये आटे असलेला एक जाड हूक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत फिरवून बसवायचा आणि दोर त्याला लावायचा. ओढताना दोराच्या आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका. डांबरीवर आल्यावर आधी पंपानं हवा भरा. मग चहा.