आधी माती, मग माऊस

शिल्पकलेला नव्याने आलेली मुलं हल्ली पहिला प्रश्न विचारतात तो संगणकावर मूर्ती घडवायच्या सॉफ्टवेअरचा. झीब्रश घेऊ की ब्लेंडर? ब्लेंडर फुकट आहे, तेच घ्या. विषय संपला.

खरी अडचण वेगळीच. संगणकात मूर्तीला वजनच नसतं. आर्मेचर, म्हणजे आतला तारेचा सांगाडा, न बांधता आकृती एका पायावर खुशाल उभी राहते, आणि तिचा तोल चुकलाय हे आपल्या लक्षातही येत नाही. मातीत तसं चालत नाही. तार वाकते, मांडी खाली सरकते. म्हणून चवथीआधी एखाद्या चित्रशाळेत गणपतीच्या कामाला हात लावा. आणि पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा संमोहनविद्येचे गोमंतकीय प्रवर्तक आबे फारिया यांचा पुतळा बघा. रामचंद्र पांडुरंग कामतांचं हे काम १९४५ सालचं. मागे कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात रोखलेले फारिया. चारी बाजूंनी स्केच करा, कोसळणाऱ्या अंगाचा भार कुठे जातो ते शोधा.

यंत्राचा खरा उपयोग मूर्ती मोठी करताना. पूर्वी कॅलिपरने, म्हणजे अंतर मोजायच्या चिमट्याने, बिंदू मोजत आठवडे जायचे. आता दीड फुटी माती स्कॅन करायची, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, थर्माकोलचे ठोकळे कापून घ्यायचे, वर मातीचा थर देऊन हाताने काम करायचं. १८२ मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठीही शिल्पकार राम सुतारांची लहान प्रतिकृती स्कॅन केली होती. मात्र सहापट मोठं केलं की पापणीची ढिली कड बोटभर जाड होते. चेहरा पुन्हा करावाच लागतो.

घरगुती थ्रीडी प्रिंटरचा बेड, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट, साधारण २२ सेंटीमीटरचा, त्यामुळे मोठ्या डोक्याचे तुकडे करावे लागतात. जोड कानामागे घ्या, गालावर नको. कपाळ, नाकाचा शेंडा अशा कमी उताराच्या जागी छपाईचे थर नकाशातल्या उंचीरेषांसारखे दिसतात, तेव्हा डोकं थोडं तिरकं ठेवून छापा. आपल्याकडच्या पावसात पीएलए, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, ओल धरतं. नोझलशी, म्हणजे प्लास्टिक बाहेर पडतं त्या तोटीशी, तडतड ऐकू आली आणि चेहऱ्यावर केसांसारखे धागे आले, की ओल धरली समजा. रीळ ४५-५० अंशांवर काही तास सुकवा, मग सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. छापलेल्या नमुन्यावरून ब्राँझमध्ये ओतायचं असेल तर संगणकातली फाईल दीड-दोन टक्के मोठी घ्या, धातू आकसतो.

कामं शिगम्याच्या चित्ररथांची, हॉटेलांची, कधी नरकासुराच्या मुखवट्याची मिळतात. दर ठरवताना मूर्तीचे पैसे वेगळे आणि फाईलचे वेगळे लावा. फाईल हातात पडली की गिऱ्हाईक दुसरीकडून हव्या तितक्या प्रती काढू शकतं, तेव्हा किती प्रतींची परवानगी ते आधीच लिहून घ्या.