उंदराचं पित्त मोजायचं, तर आधी त्याला ऊब द्या

पित्ताला कानडीतही पित्तच म्हणतात, त्यामुळे निपाणीची मुलगी असो की गोकाकचा मुलगा, प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मी सगळ्या विद्यार्थ्यांना एकच सांगते: आपल्या या मोठ्या उंदराला (रॅट) पित्ताशय नसतं, शोधत बसू नका. यकृतात तयार झालेलं पित्त साठून न राहता थेट आतड्यात उतरतं, म्हणून तर औषधाने पित्त किती बदलतं हे मोजायच्या कामाला हा उंदीर सोयीचा.

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही. भुलीसाठी आम्ही युरेथेन देतो. त्यातून उंदराला परत उठवायचं नसतं. ते कर्करोगकारक आहे, हातमोजे हवेतच.

पोट मधोमध उघडून यकृताचे खंड छातीकडे सारा आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अलगद बाहेर घ्या. दोऱ्याएवढी फिकट पित्तनलिका ताणलेली दिसेल. खाली ती स्वादुपिंडातून जाते आणि तिथला रस पित्तात मिसळतो, म्हणून नळी वर, यकृताजवळ घालायची. नलिकेभोवती वर आणि खाली असे दोन दोरे घाला. आधी खालचा दोरा आवळा आणि थोडं थांबा. पित्त तुंबून नलिका फुगते, मग बारीक कात्रीने तिरपा छेद देणं सोपं जातं. पीई-10 (पॉलिइथिलीनची अगदी बारीक) नळी यकृताच्या दिशेने सरकवा. सोनेरी रेघ नळीतून पुढे आली की वरच्या दोऱ्याने दुसरी गाठ मारा. ती रेघ बघताना आजही माझा श्वास थांबतो.

एम.फार्म.च्या वर्षी, डिसेंबरात, बेळगावच्या थंडीत दुपारची वीज जायची आणि उंदरावरचा दिवा विझायचा. पित्त कमी होत गेलं, मी वहीत 'औषधाचा परिणाम' लिहिलं. पुढे औषध न दिलेल्या उंदराचंही तसंच झालं, तेव्हा गुदद्वारात थर्मामीटर घातला: 33 अंश. तोवरचे सहा जीव वाया गेले होते. ते अजून सलतं. आता गरम पाण्याच्या पिशव्या तयार ठेवूनच सुरुवात करते आणि 37 अंश सोडत नाही.

पहिल्या अर्ध्या तासाचं पित्त हिशोबात धरू नका. पुढे दर 15 मिनिटांना आधी तोललेली ट्यूब लावा. पित्ताची घनता पाण्याच्या जवळपास, म्हणून 1 मिलिग्रॅम म्हणजे 1 मायक्रोलिटर. अडीचशे ग्रॅमचा उंदीर तासाला साधारण 1 मिलिलिटर देतो. नळीचं बाहेरचं टोक उंदरापेक्षा उंच नको, उलट दाब येतो.

पित्ताला वाहतं ठेवणारे पित्तक्षार बाहेर जात राहतात, आतड्यातून यकृताकडे परतत नाहीत, म्हणून काही तासांनी ऊब असूनही प्रवाह उतरतो. त्यासाठी औषध न दिलेला उंदीर त्याच दिवशी, त्याच वेळी मोजा. शेवटी भुलीतच उंदराला मरण द्या आणि यकृत तोलून ठेवा. आकडा मिनिटाला किती मायक्रोलिटर असा, शंभर ग्रॅम वजनामागे आणि यकृताच्या दर ग्रॅममागेही लिहा.